सेठ गोविंददास : पन्नास वर्षांची सेवा आणि जबलपूरचा हिशेब

१९ मार्च १९७१ रोजी पाचव्या लोकसभेची पहिली बैठक भरली, तेव्हा इंदिरा गांधींच्या पक्षाचे ३५२ सदस्य सभागृहात होते आणि त्यांतील अनेकांना संसदेचे दालन नवे होते. त्यांना शपथ देण्यासाठी हंगामी अध्यक्षाच्या आसनावर बसलेले गृहस्थ मात्र जुने होते. जबलपूरचे सेठ गोविंददास दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या लोकसभेच्या प्रारंभीही याच आसनावर बसले होते. १९२३ साली ते मध्यवर्ती विधानसभेत प्रथम निवडून आले, त्या वेळी दिल्लीतील संसदेची वर्तुळाकार इमारत बांधून पूर्णही झाली नव्हती. तिचे उद्घाटन १९२७ च्या जानेवारीत झाले. इमारतीपेक्षा सदस्यत्व जुने, असे सांगू शकणारी माणसे पाचव्या लोकसभेत जवळपास उरली नव्हती.

तीन वर्षांनी, १८ जून १९७४ रोजी, गोविंददासांचे निधन झाले. रिकाम्या झालेल्या जागेसाठी जबलपुरात पोटनिवडणूक झाली आणि तेथील मतदारांनी २७ वर्षांच्या, तुरुंगात असलेल्या एका विद्यार्थी नेत्याला लोकसभेत पाठवले. त्यांचे नाव शरद यादव. अर्ध्या शतकाच्या विधिमंडळीय कारकिर्दीनंतर त्याच जागेवर कोरी पाटी यावी, यातून एका जुन्या प्रश्नाची धार दिसते. उमेदवाराने पूर्वी केलेली लोकसेवा हा त्याचा अनुभव मानावा काय? मानावा, तर कोणत्या कामाचा?

कायदा या प्रश्नाला बगल देतो. राज्यघटनेच्या ८४व्या अनुच्छेदानुसार लोकसभेसाठी भारतीय नागरिकत्व आणि वयाची २५ वर्षे पुरेशी आहेत. शिक्षणाची अट नाही, कामाची नाही, सेवेची तर नाहीच. कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्यांकडून मोठी पात्रता मागायची आणि कायदा करणाऱ्यांकडून काहीच मागायचे नाही, ही विसंगती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीच्या समारोपात खेदाने नोंदवली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ मधील निर्णयांनंतर उमेदवाराला शिक्षण, मालमत्ता, कर्जे आणि फौजदारी खटले यांची माहिती प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. त्याने समाजासाठी काय केले, यासाठी त्या कागदावर रकाना नाही. सरकारी नोकराची सेवापुस्तिका पहिल्या दिवसापासून भरत जाते, पदोन्नतीला आणि निवृत्तिवेतनाला तिचा आधार लागतो. लोकप्रतिनिधीची अशी पुस्तिका कोणत्याही कार्यालयात नसते.

घटनेत एक अपवाद आहे. राष्ट्रपती राज्यसभेवर जे बारा सदस्य नियुक्त करतात, त्यांच्यासाठी ८०व्या अनुच्छेदाने साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतील विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव ही कसोटी घातली आहे. म्हणजे समाजसेवा हा अनुभव असतो हे घटनेला मान्य आहे; परंतु ती कसोटी राष्ट्रपतींच्या हाती दिली आहे, मतदाराच्या हाती नाही. गोविंददास नाटककार होते, समाजसेवकही होते. त्या बारांत ते सहज शोभले असते. त्यांनी मात्र प्रत्येक वेळी निवडणुकीचाच रस्ता धरला. म्हणूनच त्यांचे आयुष्य या प्रश्नाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

वाड्यातून तुरुंगाकडे

त्यांचा जन्म १८९६ च्या ऑक्टोबरात जबलपूरच्या एका अतिश्रीमंत माहेश्वरी घराण्यात झाला. राजस्थानातून आलेल्या या घराण्याची सावकारी मध्य प्रांतात दूरवर पसरली होती. आजोबा गोकुळदास यांना इंग्रज सरकारने राजा ही पदवी दिली होती, वडील जीवनदास दिवाणबहादूर होते. जबलपूरच्या रेल्वे स्थानकाजवळची गोकुळदास धर्मशाळा आजोबांच्या दानशूरपणाची साक्ष देत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. या परंपरेतही लोकसेवा होती. परंतु ती देणाऱ्याची सेवा होती. सरकारदरबारी मान मिळवायचा आणि गावाला धर्मशाळा बांधून द्यायची, हा त्या काळच्या श्रीमंतीचा रिवाज होता.

१९२० च्या असहकार आंदोलनाने हा नातू त्या वाटेवरून उतरला. पदव्यांच्या घरात खादी आली. पुढच्या काळात १९३०, १९३२, वैयक्तिक सत्याग्रह आणि १९४२ असे तुरुंगवास त्यांच्या वाट्याला आले. त्यांची बरीचशी नाट्यरचना तुरुंगातच झाली. ऐतिहासिक, पौराणिक, सामाजिक अशी शंभराहून अधिक नाटके आणि एकांकिका त्यांच्या नावावर आहेत. शिवाय ‘इंदुमती’ ही भलीमोठी कादंबरी आणि ‘आत्मनिरीक्षण’ हे तीन भागांचे आत्मचरित्र आहे. या लेखनाच्या गुणवत्तेवर हिंदी समीक्षकांत मतभेद असतील, कष्टांविषयी नसावेत.

१९२३ साल मध्य प्रांताच्या दृष्टीने निर्णायक ठरले. जबलपूरच्या टाऊन हॉलवर तिरंगा लावण्यावरून सुरू झालेला झेंडा सत्याग्रह नागपूरला पोहोचला आणि तेथे त्याचे देशव्यापी आंदोलन झाले. वर्षाअखेर निवडणुका झाल्या. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्या स्वराज्य पक्षाला मध्य प्रांताच्या विधिमंडळात स्पष्ट बहुमत मिळाले. असे बहुमत त्याला दुसऱ्या कोणत्याही प्रांतात मिळाले नव्हते. डॉ. मुंजे यांच्या नेतृत्वाखालील या पक्षाने नागपुरात मंत्रिमंडळ चालू दिले नाही. त्याच वेळी गोविंददास दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेत निवडून गेले. त्यांचे वय होते २७.

त्या वयात त्यांच्यापाशी अनुभव म्हणावा असे काय होते? तीन वर्षांचे सार्वजनिक काम आणि घराण्याचे नाव, एवढेच. मतदानाचा हक्क तेव्हा मालमत्ता आणि कर यांच्या अटींमुळे मूठभरांनाच होता. त्या मूठभरांना गोकुळदासांचा नातू ठाऊक होता. पुढे काही वर्षे ते कौन्सिल ऑफ स्टेट या वरिष्ठ सभागृहात होते, तेथे तर मतदार आणखी थोडे. तेव्हा त्यांच्या पहिल्या दोन सदस्यत्वांना लोकांनी सेवेची दिलेली पावती म्हणता येणार नाही. पावती पुढे मिळाली.

पद घ्यावे की घेऊ नये

पद स्वीकारणे ही सेवा की शरणागती, हा वाद त्या काळी मध्य प्रांतातच सर्वांत कडवटपणे झाला. १९२५ च्या ऑक्टोबरात विधिमंडळाचे अध्यक्ष, स्वराज्य पक्षाचेच श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. मोतीलाल नेहरू संतापले. न. चिं. केळकर, जयकर आणि मुंजे यांनी प्रतियोगी सहकाराची बाजू घेतली आणि पक्ष फुटला. केळकर-जयकरांच्या मते सत्ता हाताळल्याविना राज्य चालवण्याचे शिक्षण मिळत नाही. नेहरूंच्या मते परक्याच्या हाताखाली मिळणारे शिक्षण राष्ट्राच्या कामाचे नाही. महाराष्ट्रातील राजकारणाला हा वाद परिचित आहे. गोविंददासांच्या आयुष्याकडे पाहताना तो आठवावा लागतो, कारण त्यांनी नेहमी दुसरी बाजू निवडली आणि स्वराज्य आल्यावरही कार्यकारी पदाकडे ते कधी पोहोचले नाहीत.

१९३७ मध्ये प्रांतिक सरकारे आली. नागपुरात डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले. महाकोशलातून रविशंकर शुक्ल आणि द्वारकाप्रसाद मिश्र मंत्रिमंडळात गेले. १९३८ च्या जुलैत खरे यांना पायउतार व्हावे लागले आणि शुक्ल मुख्यमंत्री झाले. मराठी आणि हिंदी भागांतील या कलहाची सल विदर्भात पुढे बरीच वर्षे राहिली. महाकोशल प्रदेश काँग्रेसचे दीर्घकाळ अध्यक्ष असलेले गोविंददास या काळात दिल्लीच्या विधानसभेत होते. मंत्रिपद त्यांच्या सहकाऱ्यांकडे आणि संघटना त्यांच्याकडे, अशी वाटणी झाली.

संघटनेचे काम म्हणजे काय, हे १९३९ च्या मार्चमध्ये दिसले. जबलपूरजवळ नर्मदेच्या परिसरात त्रिपुरी येथे काँग्रेसचे ५२वे अधिवेशन भरले. स्वागताध्यक्ष गोविंददास होते. पट्टाभी सीतारामय्या यांना १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरवून आलेले सुभाषचंद्र बोस तापाने फणफणले होते. ५२ हत्तींच्या मिरवणुकीत अध्यक्षांऐवजी त्यांचे छायाचित्र होते आणि ते स्वतः रुग्णशय्येवरून अधिवेशनाला आले. पंत ठरावाने अध्यक्षांचे हात बांधले गेले आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. इतिहासाने त्रिपुरीची नोंद या संघर्षासाठी ठेवली. परंतु माळरानावर तात्पुरते नगर उभारायचे, हजारोंच्या राहण्याची, पाण्याची, आरोग्याची सोय लावायची, वर्गणी जमवायची आणि एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन गटांना एकाच मांडवात ठेवायचे, हे एखाद्या जिल्हाधिकाऱ्याला पेलावे तसे काम होते. कोणत्याही शासकीय कागदावर ते त्यांच्या नावे चढले नाही.

सभागृहातील अनुभव : बळ आणि मर्यादा

घटना समितीत गोविंददास दोन विषयांसाठी ओळखले गेले, हिंदी आणि गोरक्षण. झाशीच्या मराठी घराण्यातील रघुनाथ विनायक धुळेकर हिंदीच्या आग्रहात त्यांचे साथीदार होते. उलट बाजूला मराठी शंकरराव देव होते. एका राष्ट्रभाषेच्या आडून एकसाची संस्कृती लादली जाण्याचा धोका त्यांना दिसत होता. अखेर मुन्शी-अय्यंगार सूत्रावर तडजोड झाली. देवनागरी लिपीतील हिंदी राजभाषा ठरली, इंग्रजीला पंधरा वर्षांची मुदत मिळाली आणि अंक आंतरराष्ट्रीय स्वरूपातले आले. देवनागरी अंकांसाठी भांडणाऱ्यांच्या मनात ही गोष्ट सलत राहिली. गोरक्षणाचा मुद्दा ४८व्या अनुच्छेदाच्या रूपाने मार्गदर्शक तत्त्वांत आला.

१९५२ मध्ये मंडला-जबलपूर दक्षिण मतदारसंघातून ते पहिल्या लोकसभेत आले. १९५७ पासून १९७१ पर्यंत चार वेळा जबलपूरने त्यांना निवडून दिले. आता मतदार मूठभर नव्हते, प्रौढ मताधिकार होता. १९२३ मध्ये नावाला मिळालेले मत आणि १९५२ नंतर मिळालेली मते यांत फरक करावा लागतो तो येथे. मधल्या तीस वर्षांतील तुरुंग, संघटना आणि भाषेचा ध्यास यांचा हिशेब सामान्य मतदाराने केला आणि पाच वेळा तो त्यांच्या बाजूने लावला.

सभागृहात त्यांनी हा विश्वास कसा वापरला, याची कसोटी २ एप्रिल १९५५ रोजी लागली. गोवंशाच्या संरक्षणासाठी त्यांनी मांडलेल्या खासगी विधेयकावर त्या दिवशी मतदान झाले. गुरांचे संरक्षण हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे, अशी सरकारची भूमिका होती. पंतप्रधान नेहरूंनी विरोध इतका ताणला, की या प्रश्नावर आपण राजीनामा द्यायलाही तयार आहोत असे त्यांनी सभागृहाला सांगितले. विधेयकाच्या बाजूने १२ आणि विरोधात ९५ मते पडली. सत्तारूढ पक्षाचा ज्येष्ठ सदस्य आपल्याच पंतप्रधानांपुढे इतक्या एकाकीपणे उभा राहतो, हरतो, पक्ष सोडत नाही आणि दोन वर्षांनी पक्ष त्यालाच पुन्हा उमेदवारी देतो, ही गोष्ट पक्षांतरबंदीच्या आजच्या काळात नवलाची वाटेल. संसदीय अनुभवाचा एक अर्थ येथे दिसतो. मत मांडावे, मोजून घ्यावे, हरल्यावर आपल्या बाकावर परत बसावे.

१९६३ च्या राजभाषा विधेयकाच्या वेळीही असेच झाले. २६ जानेवारी १९६५ नंतर इंग्रजी चालू ठेवण्याची मुभा देणाऱ्या या विधेयकाला त्यांनी सरकारपक्षात राहून विरोध केला. त्याआधी १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले होते. सन्मान मिळाला म्हणून त्यांनी भूमिका सौम्य केली नाही.

मर्यादा दिसते तीही येथेच. १९६५ मध्ये मुदत संपताच मद्रास राज्यात आगडोंब उसळला, माणसे मेली आणि केंद्राला इंग्रजीबाबत आश्वासने द्यावी लागली. चाळीस वर्षे विधिमंडळात बसलेल्या माणसाला दक्षिणेची ही धग आधी का जाणवू नये? एक उत्तर असे, की त्यांच्या अनुभवात त्यागाचा, वक्तृत्वाचा आणि निष्ठेचा वाटा मोठा होता. घेतलेला निर्णय राबवून दाखवण्याची जबाबदारी त्यांच्यावर कधी पडली नव्हती. मद्रासच्या पोस्टात हिंदी फॉर्म पोहोचवणाऱ्या, त्यावरून शिव्या खाणाऱ्या अधिकाऱ्याचे दुखणे मंत्र्याच्या मेजापर्यंत येते. निष्ठावंत खासदाराच्या बाकापर्यंत ते क्वचितच येते. राजकारणातील त्यांचे निकटचे सहकारी द्वारकाप्रसाद मिश्र यांनी मंत्रिपदे भोगली, नेहरूंशी भांडून १९५१ मध्ये पक्ष सोडला, परत आले आणि १९६३ ते १९६७ मुख्यमंत्री होते. मिश्रांच्या नावावर निर्णय आहेत, म्हणून डागही आहेत. गोविंददासांच्या नावावर डाग नाहीत. पण राबवलेला निर्णयही नाही. दोघांनाही अनुभवी म्हणताना एकच शब्द वापरावा लागतो, हा त्या शब्दाचा दोष आहे.

याचा अर्थ केळकर-जयकरांचे म्हणणे सर्वस्वी खरे ठरते असा नव्हे. पद घेतलेल्यांना त्या वर्षांनी सहसा तडजोड शिकवली. गोविंददासांना पदाबाहेरच्या वर्षांनी नाही म्हणायला शिकवले. कायदेमंडळाला दोन्ही प्रकारची माणसे लागतात. चूक होते ती एका कामाचे प्रमाणपत्र दुसऱ्या कामासाठी चालवण्यात.

तुरुंगाचे माप

स्वराज्यानंतर पहिली पंचवीस वर्षे लोकसेवेचे सर्वमान्य माप तुरुंग हेच होते. १९७२ मध्ये केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना आणली तेव्हा साधारणपणे सहा महिन्यांच्या कारावासाची अट घातली. सेवा महिन्यांत मोजण्याची ही सरकारी रीत होती. राजकीय पक्ष उमेदवारी देताना तेच माप अधिक सैलपणे वापरीत. पण हे माप दरवर्षी जुने होत होते. १९४२ नंतर जन्मलेला मतदार १९७१ पर्यंत तिशीला येत होता. त्याच्या दृष्टीने चले जाव ही शाळेच्या पुस्तकातील गोष्ट होती. महागाई, बेकारी आणि भ्रष्टाचार या रोजच्या गोष्टी होत्या.

गोविंददासांच्या निधनानंतरची पोटनिवडणूक जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाच्या ऐन भरात आली. विरोधी पक्षांनी मिळून जनतेचा उमेदवार म्हणून जबलपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या शरद यादव यांना उभे केले. नांगरधारी शेतकऱ्याचे चिन्ह घेऊन ते लढले. १ जुलै १९४७ चा त्यांचा जन्म. निवडून आले तेव्हा वय २७. बरोबर याच वयात गोविंददास १९२३ मध्ये दिल्लीला गेले होते. एकामागे राजा गोकुळदासांचे घराणे होते, दुसऱ्यामागे होशंगाबाद जिल्ह्यातील शेतकऱ्याचे घर.

जबलपूरच्या मतदारांनी अनुभवाला झिडकारले, असा अर्थ या निकालातून तेव्हा अनेकांनी काढला. तो अर्धाच खरा आहे. मतदारांनी जुनेच माप नव्याने लावले. जो आपल्या म्हणण्यासाठी तुरुंगात जायला तयार आहे, तो विश्वासाला पात्र, हा निकष त्यांना गोविंददासांच्याच पिढीने शिकवला होता. १९७४ मध्ये त्या निकषात बसणारा माणूस काँग्रेसबाहेर होता आणि त्याला तुरुंगात घालणारे सरकार काँग्रेसचे होते. बदलला तो निकषाचा लाभार्थी.

या कोऱ्या पाटीवर पुढे काय उमटले, तेही नोंदवण्याजोगे आहे. आणीबाणीत लोकसभेची मुदत पाच वर्षांपलीकडे वाढवण्यात आली, तेव्हा मुदतीपलीकडे जागेवर राहण्याचा अधिकार मतदाराने दिलेला नाही, या भूमिकेवरून बंदिवासातील दोन सदस्यांनी १९७६ मध्ये राजीनामे दिले. एक होते पुण्यात जन्मलेले, बिहारच्या बांका मतदारसंघाचे मधू लिमये. दुसरे जबलपूरचे शरद यादव. लिमयांना संसदेचा मुरलेला अनुभव होता, यादवांना सदस्य होऊन दोन वर्षेही लोटली नव्हती. दोघांची कृती एकच. १९७७ मध्ये जबलपूरने यादवांना पुन्हा निवडले. पुढे ते उत्तर प्रदेश-बिहारच्या राजकारणात गेले, विश्वनाथ प्रताप सिंह आणि वाजपेयी यांच्या सरकारांत मंत्री झाले. २०२३ च्या जानेवारीत निधन झाले तेव्हा तेच संसदेतील अनुभवाचे उदाहरण म्हणून सांगितले जात होते.

उमेदवारीचे वाटप जवळ आले, की राजधानीत समाजसेवेच्या वर्षांचे दाखले फिरू लागतात. निवृत्त सनदी अधिकारी प्रशासनातील ३० वर्षे पुढे करतात, सहकारातले कारखान्याची, चळवळीतले मोर्चांची, घराण्यातले आजोबांची. जबलपूरच्या उदाहरणावरून यांतील प्रत्येकाला तीन प्रश्न विचारता येतात. ही सेवा करताना तुम्ही काय गमावले? त्या कामात विरुद्ध मताच्या माणसाशी तुमचा व्यवहार कसा होता? आणि तुमच्या निर्णयाचे परिणाम भोगणारा माणूस तुमच्यापर्यंत पोहोचू शकत होता काय? गोविंददास पहिल्या दोन प्रश्नांत उत्तम गुणांनी उतरतात. तिसऱ्यात त्यांचे गुण कमी पडतात. तरी ही गुणपत्रिका कोणत्याही परीक्षा मंडळाने तयार केलेली नाही. ती जबलपूरच्या मतदारांनी पाच निवडणुकांत त्यांच्या हाती ठेवली आणि ते गेल्यावर कोरा कागद दुसऱ्याला दिला.

प्रतिज्ञापत्रात लोकसेवेचा रकाना आणावा, अशी मागणी अधूनमधून होते. आणला, तर तो भरणारा उमेदवारच असेल आणि मोठ्या अक्षरांत भरेल. गोविंददासांनी आपल्या सेवेचा हिशेब आत्मचरित्राच्या तीन भागांत स्वतः मांडला. त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देणाऱ्या मंडला-जबलपूरच्या बहुसंख्य मतदारांनी तो वाचलेला असण्याचा संभव नाही. त्यांनी मत दिले ते डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टींवर.